धावत्या दोरावरची पकड

गुलमर्गच्या गोंडोला स्टेशनाबाहेर रांग लागली आहे. रेलिंगच्या आत ती तीनदा वळते आणि शेवटी बर्फात येऊन उभी राहते. सकाळचे साडेनऊ वाजलेत, पण ऊन अजून पायांपर्यंत पोचलेलं नाही. भाड्यानं घेतलेले लांब कोट, भाड्याचेच गमबूट. आत दोन-दोन मोजे घालूनही अंगठे बधिर होतात. माणसं उभ्या जागी पाय आपटतात.

रांगेच्या कडेनं फिरन घातलेले स्लेजवाले फिरतात. "साब, ऊपर स्लेज चाहिए?" एक मुलगा थर्मासमधून कागदी पेल्यांत कहवा ओततो. केशर-दालचिनीची वाफ क्षणभर सगळ्यांच्या नाकाशी येते आणि विरते. पुढे स्की खांद्यावर घेतलेले परदेशी तरुण. त्यांच्या मागे लाल टोप्यांचा एक मराठी ग्रुप. टूर लीडर माणसं मोजतो, पुन्हा मोजतो. "काका, तिकिटं हातात ठेवा. फेज वनचं वेगळं, फेज टूचं वेगळं."

रांग सरकते ती सहा-सहाच्या टप्प्यानं. सहा माणसं आत जातात, रांग दोन पावलं पुढे येते आणि थांबते. थोड्या वेळानं या सरकण्याचा ताल कळायला लागतो. अर्ध्या मिनिटाहून जरासा जास्त वेळ. पुन्हा तेवढाच.

सगळे डोंगराकडे बघताहेत. वर अफरवटची पांढरी धार, खाली सूचिपर्णी झाडांचा काळा पट्टा. मी स्टेशनाच्या छपराखाली शिरणाऱ्या पोलादी दोराकडे बघतो. एका बाजूनं तो आत येतो, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. केबिन आली तरी त्याचा वेग कमी होत नाही. दार उघडतं, माणसं उतरतात, नवी चढतात, आणि दोर आपला त्याच वेगानं पळत राहतो.

लाल टोपीतल्या आजोबांच्याही हे लक्षात आलं आहे. "रायगडावर बरं होतं," ते शेजारच्या मुलाला सांगतात. "ट्रॉली थांबायची. आपण नीट बसायचो, मग सुटायची. इथं थांबायचं नावच नाही."

आजोबांचं निरीक्षण बरोबर आहे. रायगडाच्या रोपवेवर एकीकडची ट्रॉली वर जाते तेव्हा दुसरीकडची खाली येते. ट्रॉल्या दोरावरची आपली जागा सोडत नाहीत, त्यामुळे माणसं चढता-उतरताना सगळंच थांबवावं लागतं. इथं थांबून चालणार नाही. या एकाच दोरावर ओळीनं केबिनी टांगलेल्या आहेत. एकीसाठी दोर थांबवला, तर डोंगरावरच्या बाकी सगळ्या हवेत लोंबकळत राहतील.

रांग आत शिरते. छपराखाली आल्यावर वारा तुटतो आणि आवाज सुरू होतो. ग्रीसचा आणि तापलेल्या रबराचा वास. डोक्यावर लोखंडी रूळ, त्यालगत लहान लहान टायरांची एक लांब ओळ. सगळे टायर फिरताहेत, पण नीट पाहिलं तर सगळ्यांचा वेग सारखा नाही. बाहेरच्या तोंडाशी असलेले भराभर फिरतात. आत यावं तसे ते हळू होत जातात.

वरून एक केबिन येते. ती दोराच्याच वेगानं येते. अशा यंत्रांचा दोर साधारणपणे सेकंदाला पाच-सहा मीटर पळतो, म्हणजे ताशी अठरा ते वीस-बावीस किलोमीटर. कमी उंचीवर, भिंतींच्या मधे हा वेग चांगलाच अंगावर येतो. पुढचा मुलगा नकळत एक पाऊल मागे सरतो. केबिनच्या वरचा दांडा छपराखाली येतो. एक खणखणीत ठोका पडतो. त्याच्या मागोमाग घरघर. आणि केबिन एकाएकी शहाण्यासारखी हळू होते.

त्या ठोक्याच्या वेळी वर बघायला हवं. सगळं काम तिथं होतं.

केबिनच्या दांड्याच्या टोकाला पोलादाचा एक जड गड्डा आहे. कामगार त्याला नुसतं 'ग्रिप' म्हणतात. त्यात दोन जबडे असतात, एक पक्का आणि एक हलणारा. हलणाऱ्या जबड्यामागे जाड स्प्रिंगा असतात. त्या जबड्याला कायम मिटलेला ठेवतात आणि त्या दाबानं दोर दोन जबड्यांत आवळला जातो. गड्ड्याच्या एका बाजूला तरफ असते, तरफेच्या टोकाला छोटं चाक. केबिन स्टेशनात शिरते तेव्हा ग्रिपची धावती चाकं आधी वरच्या रुळावर चढतात. केबिनचा भार दोरावरून रुळावर येतो. मग तरफेचं छोटं चाक एका तिरक्या पट्टीखाली जातं. पट्टी तरफेला दाबते, स्प्रिंगा आवळल्या जातात, जबडा उघडतो. दोराची वाट तिथं किंचित वेगळी वळवलेली असते, त्यामुळे तो उघड्या जबड्यातून अलगद निसटतो आणि आपल्या वेगानं पुढे जातो. केबिन त्याच्यापासून मोकळी होऊन रुळावर उरते.

कपडे वाळत घालायचा चिमटा आठवावा. चिमटा धरून ठेवायला हात लागत नाही, उघडायला लागतो. बोटं काढली की तो आपोआप मिटतो. ग्रिपही तशीच केलेली आहे. तिला दोर धरायला वीज लागत नाही, तेलाचा दाब लागत नाही, कुणी बटण दाबावं लागत नाही. सोडायला मात्र ती तिरकी पट्टी लागते. आणि तशी पट्टी फक्त स्टेशनात आहे. डोंगराच्या अंगावर, दरीच्या वर, वाटेत कुठंही नाही.

आता टायर कामाला लागतात. ग्रिपच्या वरच्या सपाट भागाला ते एकामागून एक घासतात. पहिला टायर दोराच्या वेगाचा, पुढचा थोडा हळू, त्यापुढचा आणखी हळू. दहा-पंधरा मीटरांत केबिनचा सारा वेग जिरतो. हे टायर फिरवण्याची ताकद त्या पळत्या दोराकडूनच घेतलेली असते. दोर एका चाकावरून जातो, त्या चाकावरून पट्टे निघतात आणि पट्टे टायरांना फिरवतात. दोराचा वेग कमी केला की टायरांचाही त्याच प्रमाणात कमी होतो. दोन्हींचा मेळ घालायला वेगळं कुणी लागत नाही.

"चलिए, चलिए, आराम से." दाराशी उभा असलेला कर्मचारी एका आजींचा कोपर धरतो. केबिन आता सेकंदाला एक फूटभर सरकते आहे. आपण घरात चालतो त्याहूनही हळू. आजी तरी थबकतात. "अहो, थांबवा ना जरा!" मागून सून म्हणते, "आई, थांबत नाही ती. उजवा पाय टाका, मी धरलंय." उजवा पाय पडतो, डावा पाठोपाठ येतो. आजी बसतात आणि मोठ्यानं श्वास सोडतात. स्की बाहेरच्या खोबणीत उभ्या राहतात. दारं आपोआप मिटतात, कारण दारांचीही एक तरफ वरच्या पट्टीला लागलेली आहे.

सहावी जागा माझी.

केबिन अर्धं वळण घेते आणि पुन्हा टायरांच्या ओळीखाली येते. इथं क्रम उलटा. हळू, जरा जलद, आणखी जलद. पाठ सीटला टेकते. चार-पाच सेकंदांत आपण बाजूनं पळणाऱ्या दोराच्या वेगाला येतो. आता दोर आणि केबिन एकमेकांच्या बरोबरीनं पळताहेत. एकमेकांच्या तुलनेत दोघंही स्थिर. याच क्षणी तिरकी पट्टी संपते. तरफेवरचा दाब निघतो. स्प्रिंगा सुटतात, जबडा मिटतो. खट्.

वेगात फरक राहिला असता तर जबडा दोरावर घासला असता. दोराच्या तारा झिजल्या असत्या, केबिनला हिसका बसला असता. बरोबरी साधली, म्हणून एवढ्या मोठ्या पोलादी दातखिळीचा आवाज फक्त खट् एवढाच येतो.

त्यानंतरचे काही मीटर सर्वांत महत्त्वाचे असतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ग्रिप मिटल्यावर ती तपासणीच्या जागेवरून जाते. जबडा दोरावर नीट बसला की नाही, हे तिथले सेन्सर बघतात. स्प्रिंगांचा जोर पुरेसा आहे की नाही, तेही मोजलं जातं. यातलं काही चुकलं, तर केबिन स्टेशनाबाहेर पडण्याआधीच अख्खा रोपवे थांबतो. प्रत्येक केबिनची, प्रत्येक फेरीला ही परीक्षा होते.

आणि आपण बाहेर. छप्पर मागे जातं. आवाज एकदम बंद. खाली बर्फ, बर्फावर कुणाच्या तरी स्कीच्या दोन समांतर रेघा. आजी डोळे मिटून बसल्या आहेत. नातू काचेला नाक लावून आहे.

पहिला टॉवर जवळ येतो. दोर टॉवरवरच्या रबरी कडांच्या कप्प्यांवरून जातो. ग्रिप त्यांवरून जाते तेव्हा केबिनभर थरथर होते. धडड्, धडड्, धडड्. आजी डोळे उघडतात. "काय झालं?" काही झालेलं नाही. जबडे दोराला वरून आणि बाजूंनी धरतात, खालचा भाग मोकळा ठेवतात. म्हणून दोर कप्पीवर टेकलेलाच राहतो आणि ग्रिप पार होते. काही टॉवरांवर कप्प्या दोराच्या वर असतात, दोराला खाली दाबून धरण्यासाठी. तिथूनही याच जबड्यांना जावं लागतं. म्हणून त्यांची टोकं पातळ आणि निमुळती घडवलेली असतात.

समोरून उतरणाऱ्या केबिनी येतात. बहुतेक रिकाम्या. एक गेली की दुसरीची वाट बघत मी मनातल्या मनात आकडे मोजतो. या रोपवेची क्षमता तासाला सुमारे ६०० माणसांची सांगतात. एका केबिनीत सहा, म्हणजे तासाला शंभर केबिनी. दर ३६ सेकंदांना एक. बाहेरच्या रांगेचा ताल हाच होता. दोर सेकंदाला पाच मीटर पळतो असं धरलं, तर दोन केबिनींमध्ये साधारण १८० मीटर अंतर पडतं. हे अंतरही स्टेशनातच सांभाळलं जातं. एखादी केबिन लवकर आली तर तिला आत किंचित रेंगाळवतात, मग सोडतात.

नऊ-दहा मिनिटांत पहिल्या टप्प्याचं वरचं स्टेशन, कोंगडोरी, येतं. पुन्हा तो ठोका, पुन्हा घरघर, पुन्हा हात धरून उतरवणं. आजी या वेळी स्वतःहून उजवा पाय टाकतात.

कोंगडोरी समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या थोडं वर आहे. इथं वारा वेगळा. गालाला लागतो. मॅगीच्या टपऱ्यांतून धूर निघतो, स्लेजवाले गिऱ्हाईक शोधतात आणि दुसऱ्या टप्प्याची दुसरी रांग लागलेली असते. ती हलत नाही. वर वाऱ्याचा जोर आहे. दुसरा टप्पा वाऱ्यात चालवत नाहीत. माणसं घड्याळ बघतात, मोबाईल बघतात, पुन्हा डोंगर बघतात. स्कीवाले शांतपणे बर्फावर बसून बूट सैल करतात. त्यांना या थांबण्याची सवय आहे.

रांगेतून बाजूच्या उतारावरच्या खुर्च्या दिसतात. पाय लोंबकळत सोडून माणसं वर चाललीत. जगातल्या कुठल्याही चेअरलिफ्टजवळ उभं राहिलं की तिची जात ओळखायला एक सोपी खूण आहे. खुर्ची स्टेशनात येताना हळू झाली, तर तिची पकड सुटणारी. आहे त्याच वेगानं वळून माणसाच्या गुडघ्यामागे येऊन टेकली, तर पकड दोराला कायमची आवळलेली. कायमच्या पकडीत दोराचा वेग फार वाढवता येत नाही, कारण चालत्या खुर्चीवर माणसाला बसायचं असतं. सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास तो थांबतो. शिवाय दोराच्या त्याच जागेवर सतत ताण येऊ नये म्हणून त्या पकडी ठरावीक काळानं सैल करून पुढे सरकवाव्या लागतात. सुटणारी पकड हे आपोआप करते. दर फेरीला ती दोराच्या नव्या जागी बसते.

पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या सन व्हॅलीत चालू झाली. तिची कल्पना केळीचे घड जहाजात भरण्याच्या यंत्रावरून सुचली होती. घडांच्या आकड्यांच्या जागी खुर्च्या आल्या. त्यांची पकड कायमची होती. १९४०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये सुटणाऱ्या पकडीच्या खुर्च्या आल्या. त्या पकडी खुर्चीच्या आणि माणसाच्या वजनानं आवळल्या जात. पुढे स्प्रिंगांनी ते काम घेतलं. १९८१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजला चार जणांच्या खुर्चीची सुटणारी चेअरलिफ्ट लागली आणि स्कीच्या डोंगरांवर वेगाचं गणित पालटलं. वर जायचा वेग दुप्पट झाला. चढताना आणि उतरताना मात्र माणूस निवांत राहिला.

हे निवांतपण मला फार मोलाचं वाटतं. वेगवान यंत्रांनी माणसालाच धावायला लावावं, हे आपण सगळीकडे बघतो. इथं यंत्र स्वतः हळू होतं आणि आजींच्या पावलाची वाट बघतं. तेवढ्यासाठी कुणी तरी तरफ, स्प्रिंग, पट्टी आणि टायर एवढं सगळं डोकं लढवून बसवलेलं आहे.

रांगेत हालचाल होते. वारा पडला. रेलिंगचं दार उघडतं.

दुसरा टप्पा. हा २००५ साली सुरू झाला. खालचा पहिला १९९८चा. दोन्ही फ्रेंच बनावटीचे. इथं १८ टॉवर आणि ३६ केबिनी आहेत. झाडं काही मिनिटांत संपतात. मग फक्त बर्फ आणि खडक. दोर असा चढतो की मागून येणारी केबिन आपल्याहून बरीच खाली दिसते. केबिन, दांडा आणि सहा माणसं मिळून टनाच्या आसपासचं वजन होतं. ते सगळं या चढावर दोरावरून मागे घसरू पाहतं. त्याला धरून आहे फक्त जबड्यांचा दाब. जबड्यांना दात नसतात. दातांनी दोराच्या तारा कुरतडल्या गेल्या असत्या. गुळगुळीत पोलाद गुळगुळीत दोराला दाबून धरतं, आणि तो दाब सर्वांत तीव्र चढाला, दोर ओला किंवा तेलकट असला तरी पुरावा, असा राखून ठेवलेला असतो.

दोराला गाठ कुठंच नाही. पिळाच्या सहा लडी मधल्या गाभ्याभोवती फिरवलेल्या. दोन टोकं जोडताना लडी उसवून एकमेकांत विणतात. हा सांधा दोराच्या जाडीच्या साधारण १२०० पट लांब ठेवतात. ४० मिलिमीटर जाडीच्या दोराला जवळजवळ ४८ मीटर. एवढा लांब, की सांध्यावर दोर जाड होत नाही आणि ग्रिपला तिथंही तीच जाडी मिळते.

मध्येच केबिन थांबते.

पुढे-मागे झुलते. खाली खोल पांढरं. कुणी बोलत नाही. मग सगळे एकदम बोलतात. "लाईट गेली असेल." "वारा असेल." "वर कुणाला तरी चढायला वेळ लागला असेल." कारण खरोखरच बऱ्याचदा इतकं साधं असतं. मी वर बघतो. गड्डा दोराला धरून आहे. वीज गेली असती तरी त्याला फरक पडला नसता. मोठ्या चाकाला ब्रेक लागतात, दुसरं इंजिन तयार असतं, आणि स्प्रिंगा तर कुणाच्याच आज्ञेवर नाहीत. समोरची मुलगी आईचा हात घट्ट धरून आहे. मी तिला चिमट्याचं सांगतो. ती वर बघते, विचार करते, विचारते, "मग तो उघडणार कुठे?" मी सांगतो, "वरच्या स्टेशनात." ती मान हलवते. हात मात्र सोडत नाही.

केबिन पुन्हा चालू लागते. बारा मिनिटांचा प्रवास थोडा लांबला, एवढंच.

अफरवटचं वरचं स्टेशन ३,९५० मीटरच्या आसपास आहे. दार उघडल्याबरोबर थंडी आत येते. चार पावलं चाललं की धाप लागते. स्कीवाले धारेकडे निघतात. पर्यटक फोटोला उभे राहतात. सैनिकांच्या चौक्यांपलीकडे पुढची पर्वतरांग दिसते. मी थोडा वेळ मागेच, छपराखाली रेंगाळतो.

इथल्या रुळांवर बर्फ साचू द्यायचा नसतो. रुळावर बर्फाचा थर आला तर ग्रिपची चाकं अडखळतात, टायर ओले झाले तर घसरतात. एक माणूस लांब दांड्याच्या ब्रशनं रूळ झाडतो. हातमोजे काळे, चेहरा उन्हानं रापलेला. दुसरा काचेच्या खोलीत दिव्यांकडे नजर लावून बसला आहे. तिसरा केबिनीचा दरवाजा धरतो, दिवसभर, दर ३६ सेकंदांनी, आणि प्रत्येक वेळी माणसाच्या पायाकडे बघतो.

सुटणाऱ्या पकडीचा आणखी एक मोठा फायदा यांच्या कामाचा आहे. एखाद्या केबिनीत बिघाड वाटला तर ती रुळाच्या सांध्यावरून बाजूच्या मार्गिकेवर ढकलता येते. बाकीच्या चालू राहतात. मग ग्रिप उतरवायची, उघडायची, स्प्रिंगा तपासायच्या, जबड्याची झीज मोजायची, भेगांसाठी पोलाद तपासायचं. वादळाची चिन्हं असली तर सगळ्याच केबिनी दोरावरून काढून आत घेता येतात. दोर रात्रभर एकटा वारा खातो, ग्रिपांवर बर्फ गोठत नाही.

उतरायची वेळ होते. खाली जायची रांग लहान आहे. लाल टोपीचे आजोबा पुढे उभे आहेत. केबिन येते, ठोका पडतो. या वेळी ते वर बघतात. "तिथं सुटलं ना?" ते बोट करून विचारतात. मी हो म्हणतो. "आणि तिकडं धरतं." त्यांचं बोट बाहेरच्या तोंडाकडे जातं. ते न थबकता चढतात.

संध्याकाळी शेवटचा पर्यटक उतरला की इथल्या माणसांचं दुसरं काम सुरू होतं. उद्या रांग लागण्याआधी दोर हळू चालवून बघतील, ब्रेक तपासतील, रूळ झाडतील, वाऱ्याचे आकडे वाचतील. पहिली फेरी माणसांशिवाय जाईल. प्रत्येक ग्रिप एकदा उघडेल, एकदा मिटेल, एकदा मोजली जाईल. सगळ्यांनी होकार दिला, की मगच रेलिंगचं दार उघडेल आणि पहिली सहा माणसं आत सोडली जातील.